मुंग्या ओळखायची स्वतःचीच परीक्षा घेतली आणि आपटलो

काळीमाती · ८ जून, रात्री १०:१२

मंडळी नमस्कार. बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी इंदूरचा, सुदामा नगरात राहतो. लॉकडाउनमध्ये गच्चीत करायला काही नव्हतं म्हणून मोबाइलला चिमट्याने लावायचं एक मॅक्रो भिंग मागवलं आणि मुंग्यांचे फोटो काढायला लागलो. तेव्हापासून पिपल्यापाला, सिरपूर तलाव, राळामंडळ, चोरल, जिथे जाईन तिथे जमिनीला नाक लावून बसलेला असतो. ॲपवर टाकतो, नाव मिळतं, वहीत लिहितो. घरचे 'मुंगीवाला' म्हणतात आणि आपल्याला वाटायला लागलं होतं की अपन को आता येतं.

गेल्या रविवारी भाचीने माझेच ४० फोटो निवडले, आजूबाजूचं सगळं कापून नुसती मुंगी ठेवली, क्रम पिसला आणि म्हणाली, "मामा, ओळखा." प्रत्येक उत्तरापुढे 'पक्कं' की 'अंदाज' तेही लिहायचं, ही अट तिचीच.

निकाल: ४० पैकी १७ बरोबर. त्याहून वाईट म्हणजे मी २६ ठिकाणी 'पक्कं' लिहिलं होतं आणि त्यातली निम्मी, १३, चुकली. म्हणजे माझ्या खात्रीला नाणेफेकीइतकीच किंमत!

का चुकलो ते लगेच कळलं. मी मुंगी ओळखत नव्हतो, जागा ओळखत होतो. मोरीजवळची फिकी ती अमुक, बाभळीच्या खोडावरची ती तमुक. मागची मोरी आणि बाभूळ कापल्यावर माझ्याजवळ काही उरलंच नाही.

तर प्रश्न असा: हौशी माणसाने आपलं ज्ञान तपासावं कसं आणि वाढवावं कसं? माझं शिक्षण कॉमर्सचं. कॉलेजात जाऊन कीटकशास्त्र शिकणं आता होणार नाही.

पोहेवाला_भिया · ८ जून, रात्री १०:३१

वाखुसा (वाचनखूण साठवली). जिलेबी घेऊन बसलोय.

फक्त_वाचक · ८ जून, रात्री १०:४०

साखरेच्या डब्यात शिरतात त्यांचं काय करायचं ते पण कोणीतरी सांगा.

ग्वाल्हेरची_माई · ९ जून, सकाळी ७:०५

अरे बाळा, आमच्या सासूबाईंना तीनच मुंग्या माहीत होत्या. काळी, लाल आणि मुंगळा. काळी आली की पाऊस, लाल आली की डबे वर, आणि मुंगळा आला की पोरांचे पाय वर. ८६ वर्षं त्यांचं काही अडलं नाही. पण तू अभ्यास कर, छान आहे. आणि मुंगळा तर आंधळासुद्धा ओळखेल हो, त्यात काय परीक्षा!

काळीमाती · ९ जून, सकाळी ९:२०

माई, नमस्कार. मुंगळ्याचे चारच्या चार बरोबर आले, तेवढीच लाज राखली. कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. त्यात माझी चूक होणं शक्य नाही.

भिंगवाला · ९ जून, दुपारी १:४८

धागा आवडला. आधी एक खवचट प्रश्न विचारतो, राग मानू नका.

उत्तरपत्रिका कोणी तयार केली?

काळीमाती · ९ जून, दुपारी २:०३

भाचीने, माझ्या वहीवरून. वहीतली नावं ॲपवरून आलेली.

भिंगवाला · ९ जून, दुपारी २:३७

इथेच गोम आहे. ॲप फोटो बघून एक नाव सुचवतं. तुम्ही ते स्वीकारता. दुसरा कोणी हौशी येतो, तोही तेच सुचवलेलं नाव बघतो आणि 'सहमत' दाबतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर दोघांचं एकमत झालं आणि दोन-तृतीयांशाहून जास्त लोक त्या बाजूला असले की नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनाच्या दर्जाची, होते. त्यात मुंगी नीट बघितलेला कोणीच नसला, तरी शिक्का बसतो. तेव्हा तुमच्या २३ चुकांपैकी काही वहीच्या चुका असणार, तुमच्या नव्हेत. आणि १७ बरोबर उत्तरांपैकी काही दोघांच्या एकत्र चुका!

माझं म्हणणं आवडणार नाही, पण बऱ्याच मुंग्यांची जात मोबाइलच्या फोटोवरून सांगताच येत नाही. भल्याभल्यांना येत नाही. भारताची २०१६ साली प्रसिद्ध झालेली यादी आहे, त्यात जाती-उपजाती मिळून ८२८ आणि वंश बरोबर १००. आठशे कोणाच्या बापाला पाठ होत नाहीत. वंश मात्र शिकता येतात, आणि एका शहरापुरते म्हणाल तर माझ्या मते वीस-पंचवीस वंशांत काम भागतं. वंशापर्यंत जा आणि तिथे थांबायला शिका.

चिकित्सक_चिंतोपंत · ९ जून, दुपारी ३:१५

वंश म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज असंच ना? कारण वर्तमानपत्रात सर्रास 'प्रजाती' छापतात आणि मग कशाची काय ते कळत नाही. या धाग्यापुरतं तरी वंश आणि जाती एवढेच शब्द वापरा, ही विनंती.

पोहेवाला_भिया · ९ जून, दुपारी ३:२२

पंत आले. आता धागा शंभरी गाठणार.

वैदेही_बावीस · ९ जून, संध्याकाळी ६:५०

भिंगवाला, थोडी असहमत. 'वंशापर्यंत थांबा' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण काही जाती अगदी सोप्या असतात आणि नवशिक्याला तेवढाच हुरूप येतो. भूतमुंगी घ्या, टॅपिनोमा मेलॅनोसेफलम. दीड मिलिमीटरची, डोकं काळपट, पोट आणि पाय इतके फिके की पांढऱ्या ओट्यावर नुसतं डोकं पळताना दिसतं. हिला वंशावर का थांबवायचं? तसंच पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस, वेडी मुंगी. मिशीचा पहिला दांडा डोक्याच्या बाहेर लांबच्या लांब गेलेला आणि चाल अशी की राजवाड्यावर गाडी लावायला जागा शोधून राहिली आहे.

भिंगवाला · ९ जून, रात्री ८:१०

मान्य. त्या दोन्ही मीसुद्धा जातीपर्यंत लिहीन. माझा रोख 'लहान लाल' गटावर होता. काळीमाती, उत्तरांत सोलेनोप्सिस जेमिनाटा, म्हणजे लाल आग मुंगी, किती वेळा लिहिली, खरं सांगा.

काळीमाती · ९ जून, रात्री ८:३१

सात. सातही 'पक्कं'. सातांतली चार चुकली.

भिंगवाला · ९ जून, रात्री ९:१४

अंदाज होताच. लाल दिसली, चावली की आग मुंगी, असं सगळ्यांचं होतं. पण लहान आणि लाल तर फिडोले वंशाच्या छोट्या कामकरीही असतात, मोनोमोरियमही असतात आणि ट्रायकोमिर्मेक्सही. आधी कंबर मोजा. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन? या चौघींनाही दोन आहेत, त्यामुळे इथे निकाल लागत नाही, पण मुंगळ्याचं अख्खं खानदान बाजूला झालं. मग मिशीचे तुकडे मोजा. सोलेनोप्सिसच्या कामकरीला दहा, आणि शेवटचे दोन फुगून गदेसारखे. फिडोलेला बहुधा बारा, शेवटचे तीन मोठे. मोनोमोरियमची गदाही बहुतेक तिघांचीच. यासाठी साधं दहापट भिंग पुरतं, सोनार वापरतात तसलं. सराफ्यात मिळतं.

फिडोलेची आणखी एक खूण म्हणजे त्यांच्यात दोन मापांच्या कामकरी असतात. मोठीचं डोकं अंगाच्या मानाने इतकं मोठं की लग्नात फेटा जड झालेला नवरदेव वाटावा. बिळाशी दहा मिनिटं बसलात तर एखादी मोठी बाहेर येतेच. फोटो काढून पळणाऱ्याला ती कधी दिसत नाही.

सराफ्यातली_शेव · ९ जून, रात्री ११:४६

माझं नाव आलं म्हणून लिहितो. (सराफा भिंगासाठी प्रसिद्ध आहे हे आजच कळलं. आम्ही तिथे फक्त भुट्ट्याचा कीस खायला जातो.)

बसून बघायचं असेल तर खाऊ मांडा. मी गच्चीवर वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर चार गोष्टी ठेवल्या: जिलेबीचा पाक, लवंग शेव, उकडलेल्या अंड्याचा बलक आणि ओला कापूस. पाकावर चार-पाच मिनिटांत वेड्या मुंग्या. मजा पुढे आहे. वीसेक मिनिटांनी मोठ्या डोक्यांची पलटण आली, वेड्या मुंग्या पांगल्या आणि पाक, बलक, शेव सगळ्यावर कब्जा झाला. मोठ्या डोक्याची एक बाई शेवेचा तुकडा कातरत बसली होती, बाकीच्या चुरा घेऊन चालल्या. कापसावर कोणी फिरकलं नाही. नंतर जिरावन हा आपला इंदुरी मसाला टाकून शेव ठेवली तर तिच्यावर पण नाही, इंदुरात राहून लाज वाटली पाहिजे त्यांना.

सांगायचं हे की त्या दिवशी फिडोले मला जी कळली ती आजवर विसरलेलो नाही. फोटो बघून वीस वेळा विसरलो होतो.

बडोदेकर_आजोबा · १० जून, सकाळी ६:३०

शेवसाहेब, तुमचा खाऊ वाचून आठवलं. आमच्याकडे बडोद्यात कीडियारूं पूरवायची, म्हणजे मुंग्यांना खाऊ घालायची, चाल आहे. नारळाला भोक पाडून आत पीठ, साखर, तूप, तीळ भरतात आणि झाडाखाली ठेवतात. पुण्याचं काम. मी दांडिया बाजारातला मराठी माणूस, पण शेजारी गुजराती, त्यामुळे पन्नास वर्षं बघतोय. निवृत्तीनंतर नातवाबरोबर कमाटीबागेत असाच एक नारळ तासभर बघत बसलो होतो. नातू म्हणाला, "आजोबा, भोकातून एकच जातीच्या जातायत, बाकीच्या खाली सांडलेलं खातायत." मला आजवर हे दिसलं नव्हतं.

वैदेही_बावीस · १० जून, सकाळी ९:००

आजोबा, किती सुंदर! आमच्या माळव्यातही कीडी नगरा सींचतात, पीठ आणि बुरा साखर. पिपल्यापाल्याला फिरायला येणारे एक जैन काका रोज ठरलेल्या बिळांवर चिमूट चिमूट टाकतात. त्यांना नाव एकाही मुंगीचं माहीत नाही, पण कुठलं बीळ कधी बंद झालं, पावसाआधी कोणी कुठे बिऱ्हाड हलवलं, सगळं तोंडपाठ. काळीमाती, परीक्षा द्यायची तर त्यांच्याकडे द्या.

चिकित्सक_चिंतोपंत · १० जून, सकाळी ११:२०

माईंच्या सासूबाई काळ्या मुंगीवरून पाऊस सांगत, त्याला काही आधार आहे का?

ग्वाल्हेरची_माई · १० जून, सकाळी ११:४१

आधार काय मागतोस रे, गच्चीवरचे पापड वाचायचे आमचे.

भिंगवाला · १० जून, दुपारी ४:०५

मूळ प्रश्नाकडे येतो. परीक्षेला उत्तरपत्रिका हवी आणि खरी उत्तरपत्रिका म्हणजे मुंगी, फोटो नव्हे. प्रत्येक वारुळातून दोन-तीन कामकरी घ्या, अल्कोहोलच्या लहान बाटलीत टाका, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: ठिकाण, तारीख, कशावर होती. शाई विरघळते, पेन्सिल राहते. सहा महिन्यांनी शंका आली तर भिंगाखाली पुन्हा बघता येतं, जाणकाराला दाखवता येतं.

वैदेही_बावीस · १० जून, दुपारी ४:३३

हे मला पटत नाही. आपला छंद म्हणून जीव मारायचा? वर कीडियारूंचं वाचलं आणि खाली बाटली.

भिंगवाला · १० जून, दुपारी ५:०२

एका वारुळात हजारो असतात. तुमच्या स्कूटरखाली रोज यापेक्षा जास्त जातात. स्वयंपाकघरात खडू ओढता तेव्हा?

वैदेही_बावीस · १० जून, दुपारी ५:१०

मी खडू ओढत नाही. आणि स्कूटरखाली गेलेल्या मी मोजून, चिठ्ठी लावून मारलेल्या नसतात.

काळीमाती · १० जून, रात्री ९:५५

तुम्ही दोघं भांडू नका हो. माझ्या घरी अल्कोहोलची बाटली आली तर मुंग्यांसाठी आहे यावर बायकोचा विश्वास बसणार नाही, त्यामुळे तो मार्ग तूर्त बंद. मरून पडलेल्या चालतील का? ट्यूबलाइटखाली सकाळी बऱ्याच सापडतात.

भिंगवाला · १० जून, रात्री १०:२०

चालतील, उत्तम. आणि जिवंतचा फोटो काढायचा तर तीन काढा: बाजूने, वरून आणि चेहरा समोरून. अँटवेब म्हणून कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचं जे मुंग्यांचं चित्रभांडार आहे, तिथे हेच तीन कोन असतात. त्याचं कारण आहे. कंबरेच्या गाठी बाजूने दिसतात, काटे वरून, जबडे समोरून. आपण सगळे एकच कोन काढतो, वरून, कारण आपण उभे असतो. डबीत घालून फ्रिजमध्ये चार-पाच मिनिटं ठेवली की मुंगी सुस्तावते, आलेखाच्या कागदावर ठेवा, मापही मिळतं. मग सोडून द्या. वैदेहीताई, एवढं चालेल ना?

वैदेही_बावीस · १० जून, रात्री १०:२६

चालेल. फ्रिजमधली डबी सासूबाईंनी उघडली नाही म्हणजे मिळवलं.

तंबूतला_उंट · ११ जून, दुपारी १२:१५

मी मुंग्या पाळतो. परीक्षानळीत तळाशी पाणी, मग कापूस, मग राणी, तोंडाला परत कापूस. बऱ्याच मुंगळ्यांची राणी पहिली पिल्लं होईपर्यंत काही खात नाही, पंखांच्या स्नायूंवर आणि चरबीवर जगते. अंडं, अळी, कोश, कामकरी हे डोळ्यासमोर झालं की ओळख वेगळीच होते. कोणाला हवी असेल तर ऑनलाइन राण्या मिळतात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भिंगवाला · ११ जून, दुपारी १२:५०

कृपया विकत घेऊ नका. बाहेरची जात आली आणि सुटली तर निस्तरता येत नाही. बागेतली लाल आग मुंगी, सोलेनोप्सिस जेमिनाटा, आपली नाहीच मुळात. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात आकापुल्को ते मनिला स्पॅनिश गलबतं जायची, त्यांतल्या मातीतून ती पसरली, असं जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. आणि केनियात २०२५ साली दोन बेल्जियन पोरांकडे पाच हजारांच्या आसपास राण्या सापडल्या, नळ्यांत भरलेल्या. प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड झाला. पावसाळ्यात आपल्याच अंगणात पडलेली राणी पाळायची तर पाळा.

पोहेवाला_भिया · ११ जून, दुपारी १:०५

म्हणजे आमची लाल मुंगी पण फॉरेन रिटर्न. तरीच तोरा.

अवांतर: इंदुरी मराठीत मुंगी 'चावत' नाही, 'काटते'. पुण्याच्या मेव्हण्याला "मला मुंगी काटली" म्हटलं तर तो कात्री शोधायला लागला.

चिकित्सक_चिंतोपंत · ११ जून, दुपारी १:३०

खरं तर आग मुंगी दोन्ही करते. जबड्याने धरते आणि मग पोटाच्या टोकाने डंख मारते. मुंगळा डंख मारत नाही, चावतो आणि आम्ल सोडतो. तेव्हा एकीला 'डसली' आणि एकाला 'काटला' असं म्हणता येणार नाही का?

पोहेवाला_भिया · ११ जून, दुपारी १:३४

_/\_

भिंगवाला · १४ जून, सकाळी १०:००

शनिवार आहे, एक लहानशी परीक्षा घेऊ. फोटो नाहीत, नुसतं वर्णन. उत्तराबरोबर 'पक्कं' की 'अंदाज' लिहा. काळीमातींच्या भाचीची ही अट फार हुशारीची आहे. आणि 'सांगता येत नाही' हेही उत्तर धरलं जाईल.

एक. आंब्याच्या खोडावर कागदी लगद्यासारखं काळपट घरटं. हात लावला की मुंग्या पोट विंचवासारखं डोक्यावर उचलतात. पोट वरून बदामाच्या आकाराचं.

दोन. पहिल्या पावसानंतर रात्री ट्यूबलाइटवर ढीगभर पंखवाल्या. चारही पंख सारख्याच लांबीचे, सकाळी नुसते पंख पडलेले. मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या.

तीन. एकटीच झाडाच्या खोडावर फिरणारी, सडपातळ, लांब. डोकं आणि पोट काळं, मधला भाग तांबडा. डोळे मोठे.

चार. राळामंडळला पानावर. काळी, कंबर बारीक, पुढे दोन मिशा हलवतेय. काडीने ढकललं तर खाली पडली नाही, अधांतरी लोंबकळली.

सराफ्यातली_शेव · १४ जून, सकाळी १०:४४

एक क्रेमॅटोगॅस्टर, पक्कं. दोन मुंगळ्याच्या राण्या, अंदाज. तीन माहीत नाही, पण ही बया मला चोरलला डसली होती, दोन दिवस हात सुजला, त्यामुळे आदर पक्का. चार पॉलिरॅकिस, अंदाज.

वैदेही_बावीस · १४ जून, सकाळी ११:३०

एक क्रेमॅटोगॅस्टर, जात सांगता येत नाही. दोन मुंग्या नाहीतच, वाळवी, पक्कं. मुंगीच्या पंखांची पुढची जोडी मोठी आणि मागची लहान असते, आणि मिशी कोपरात वाकलेली. तीन टेट्रापोनेरा रुफोनिग्रा, पक्कं. चार… अधांतरी कशी लोंबकळेल?

बडोदेकर_आजोबा · १४ जून, दुपारी १२:१०

नातू म्हणतो चौथा कोळी आहे. मुंगी धागा सोडत नाही. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरलेत, पाय मोजले तर आठ भरतील. 'पक्कं' लिहायला सांगतोय.

भिंगवाला · १४ जून, दुपारी १:००

नातवाला शंभर पैकी शंभर. मुंगीचं सोंग घेणारे उड्या मारणारे कोळी आहेत, मिर्मॅरॅक्ने आणि त्याचे भाऊबंद. ॲपवर लोक यांना बिनदिक्कत मुंगी म्हणून टाकतात.

पहिली तिन्ही वैदेहीताईंची बरोबर. तिसरीला नाव दिलं जर्डन यांनी, १८५१ मध्ये. ते मद्रासकडे सर्जन होते, दक्षिण हिंदुस्थानातल्या मुंग्यांची यादी त्यांनी केली. आपल्या बाजूला रॉटन नावाचे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी होते, त्यांनी १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या मुंग्यांवर लिहिलं. अनेक मुंग्यांच्या नावामागे आजही 'रॉटनी' लागतं. जंगलखात्याची नोकरी सांभाळून केलेला उद्योग हा. कॉमर्सवाल्यांनी धीर सोडू नये.

चिकित्सक_चिंतोपंत · १४ जून, दुपारी २:२५

जुन्या पुस्तकावरून शिकलं तर चालेल का? हिंदुस्थानातल्या मुंग्यांवरचा बिंगहॅमचा १९०३ चा खंड नेटवर फुकट आहे.

भिंगवाला · १४ जून, दुपारी ३:००

वाचा जरूर, पण नावं बदललीत हे ध्यानात ठेवून. मी फिडोलोगेटॉन शिकलो होतो, २०१४ साली तो कॅरेबारात गेला. मोनोमोरियमच्या काही जाती ट्रायकोमिर्मेक्समध्ये गेल्या. पाठ केलेलं नाव जुनं होतं, बघितलेली मुंगी जुनी होत नाही.

ग्वाल्हेरची_माई · १४ जून, रात्री ९:१५

मरणकाळी मुंगीला पंख फुटतात म्हणतात, ते वाळवीवरून आलं की मुंगीवरून? जाऊ दे, पंत पुन्हा आधार मागतील.

काळीमाती · २४ ऑगस्ट, रात्री ११:०८

धागा वर काढतोय. अडीच महिने गप्प होतो कारण अभ्यास चालू होता. (हो पंत, खरंच.)

काय केलं ते सांगतो. वही पुन्हा पहिल्यापासून तपासली. ४० पैकी ९ फोटो बाद केले, कारण त्यांत ना कंबर दिसत होती ना मिशी. म्हणजे त्यांना उत्तरच नव्हतं आणि मी त्यांतल्या पाचांवर 'पक्कं' लिहिलं होतं. उरलेले ३१ भिंगवाल्यांना व्यनितून पाठवले. त्यांनी नावं नाही दिली, प्रत्येकापुढे फक्त 'इथपर्यंत जाता येतं' एवढं लिहून पाठवलं: उपकुल (वंशाच्या वरचा मोठा गट), वंश किंवा जाती. नावं नंतर, वेगळ्या चिठ्ठीत, भाचीकडे. आता हिला म्हणतात उत्तरपत्रिका.

मग सराव. फोटो बघून नाव घोकण्यापेक्षा एका वंशासाठी एक रविवार, असं केलं. एक अख्खा रविवार फक्त क्रेमॅटोगॅस्टर, दुसरा फिडोले. जैन काकांबरोबर तीन सकाळी फिरलो. त्यांनी एक बीळ दाखवलं, भोवती भुशाचं कडं. म्हणाले, "ये लोग दाना भीतर ले जाते हैं, छिलका बाहर फेंकते हैं, पढ़े-लिखे हैं." चित्रंही काढली. माझी चित्रकला तिसरीतल्या पोराची आहे, पण मिशीचे तुकडे काढायचे तर आधी मोजावे लागतात.

सगळ्यात उपयोगी चूक सांगतो. चोरलच्या एका फोटोला मी दोन वर्षं 'मुंगळ्याची कुठलीतरी बहीण' म्हणत होतो. यावेळी बाजूने काढलेला फोटो मिळाला तर अंगभर अंगठ्याच्या ठशासारख्या रेषा, कंबरेच्या जाड गाठीवर दोन काटे आणि मागे डंख. डायाकामा! मुंगळ्याशी नातं नाही, कुळातली दुसरीच शाखा. आणि यांच्यात वेगळी राणीच नसते, कामकऱ्यांतलीच एक अंडी घालते. मी दोन वर्षं तिला बहीण म्हणत होतो.

आता निकाल. भाचीने काल परत परीक्षा घेतली, तेच ३१ फोटो, क्रम पिसून. तेच फोटो म्हणजे थोडी कॉपी झाली, कबूल. वंश बरोबर: २४. जात मी फक्त १० ठिकाणी लिहिली, त्यातली ९ बरोबर.

चुकलेली एक कुठली ते विचारू नका.

वैदेही_बावीस · २४ ऑगस्ट, रात्री ११:१५

कुठली?

भिंगवाला · २४ ऑगस्ट, रात्री ११:१९

मी सांगू का?

काळीमाती · २४ ऑगस्ट, रात्री ११:२६

मुंगळा.

चारपैकी एक मुंगळा नव्हताच. म्हणजे कॅम्पोनोटसच, पण कॉम्प्रेसस नाही, पॅरियस. पोटावर बारीक करड्या लवेची झाक आहे. आता बघितलं तर ढळढळीत दिसते. वहीत चूक होती आणि तीच चूक पहिल्या परीक्षेत 'बरोबर' म्हणून मोजली गेली होती. म्हणजे पहिला निकालही १७ नव्हता, १६ होता.

ग्वाल्हेरची_माई · २५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

अगंबाई. मग सासूबाईंच्या तीन मुंग्यांच्या चार झाल्या म्हणायच्या.

पोहेवाला_भिया · २५ ऑगस्ट, सकाळी ८:३०

भिया, भाचीला पोहे माझ्याकडून.

बडोदेकर_आजोबा · २५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

नातू विचारतोय, बाद केलेले ९ फोटो त्याला पाठवाल का? म्हणतो, त्यात काय दिसत नाही ते बघायचंय.

फक्त_वाचक · २५ ऑगस्ट, दुपारी १२:४०

जूनपासून सगळा धागा वाचतोय. साखरेच्या डब्यातल्यांचं अजून कोणी सांगितलं नाही.

भिंगवाला · २५ ऑगस्ट, दुपारी १२:५२

आधी फोटो टाका. तीन कोनांतून.